कणखर नायिकेची प्रेमकथा लिहिताना: ओळखीचे ट्रोप आणि निर्णयाची जागा

प्रेमकथेतले ट्रोप, म्हणजे कथांत पुन्हा पुन्हा येणारे ओळखीचे साचे, वाचकाला पाठ असतात, आणि पाठ असूनही हवे असतात. भांडणारे दोघे शेवटी एकत्र येणार, खोटं लग्न खरं होणार, दुरावलेलं माणूस परत दारात उभं राहणार, हे पहिल्या प्रकरणात कळूनही तो कादंबरी संपवतो, कारण ते कसं घडतं ते त्याला पाहायचं असतं. नायिका कणखर असली की मात्र हेच ट्रोप अडायला लागतात. बहुतेक ट्रोपच्या रचनेत एक जागा अशी असते जिथे निर्णय नायिकेच्या हातून निसटतो. कुणीतरी तिला वाचवतं, कुणीतरी तिच्या वतीने बोलतं, नाहीतर एखादा योगायोग तिचं काम उरकून टाकतो. ती निसटती जागा हुडकायची आणि निर्णय तिच्या हातात परत द्यायचा, हेच या लेखनातलं मुख्य काम. खालचा हिशेब ६०,००० शब्दांच्या कादंबरीचा धरला आहे. लघुकथेत आकडे बदलतील, प्रमाण तेच राहील.

पायरी १: आधी तिचं काम, मग तिचा स्वभाव

नवा लेखक बहुधा स्वभावापासून सुरुवात करतो: बेधडक, फटकळ, कुणाचं न ऐकणारी. पण स्वभावातून दृश्यं निघत नाहीत. फटकळ उत्तरं दोन प्रकरणांत शिळी होतात आणि तिसऱ्यात वाचकाला ती नुसती उद्धट वाटायला लागते. त्यापेक्षा कागदावर तीन वाक्यं लिहा.

पहिलं: प्रेम सोडून तिला या कथेत काय मिळवायचं आहे, आणि कधीपर्यंत? मुदत नसेल तर ते ध्येय नसतं, नुसती इच्छा असते. दुसरं: आसपासच्या कुणाला येत नाही असं तिला काय येतं? तिसरं: कुठल्या एका बाबतीत ती पुन्हा पुन्हा चुकते?

उदाहरणासाठी एक नायिका घेऊ आणि शेवटपर्यंत तिलाच सोबत ठेवू. मुक्ता नदीवरच्या पुलाची साइट इंजिनियर आहे. नदीला पूर येण्याआधी तिला खांबांचं काम पाण्याच्या वर आणायचं आहे. काँक्रीटची तिला जाण आहे, माणसं तिच्या शब्दावर रात्रपाळी करतात. आणि मदत मागणं म्हणजे हार, असं ती धरून चालते. यातलं तिसरं वाक्य सगळ्यात मोलाचं, कारण प्रेमकथा नेमकी तिथे तिला हात घालणार आहे.

इथे एक सवय मोडायला हवी. ‘मागे एकाने फसवलं म्हणून ती कठोर झाली’ ही पूर्वकथा शक्यतो टाळा. ती लिहिली की कणखरपणा हा आजार ठरतो आणि नायक त्यावरचं औषध. मग तो भेटला की ती ‘बरी’ होते, म्हणजे जिच्यासाठी वाचक आला होता तीच नाहीशी होते. तिचा कणखरपणा सरावातून आलेला असू द्या, जबाबदारीतून, एखाद्या जुन्या यशातून. दुःख असायला हरकत नाही, पण तिच्या ताकदीचं उगमस्थान ते नको.

पायरी २: तिच्या तोडीचा माणूस

तोडीचा म्हणजे तिच्याइतकाच आक्रमक असं नाही. नायक जोखायला दोन प्रश्न पुरतात. कथेतून प्रेम काढून टाकलं तर पुढच्या आठवड्यात त्याला करायला काही आहे का? आणि जे तिला दिसत नाही असं त्याला काही दिसतं का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर तो उभा राहतो. नाहीतर नायिका मोठी दिसावी म्हणून त्याला बावळट केलं जातं, आणि मग वाचक विचारतो की हिने याच्यात पाहिलं तरी काय?

मुक्ताच्या कथेत समीर आहे, गुणवत्ता तपासायला बाहेरून पाठवलेला. भांडण काँक्रीटच्या क्यूबवरून, म्हणजे ताकद तपासायला दाबून फोडतात त्या ठोकळ्यांवरून. ३० ग्रेडच्या काँक्रीटला २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन ताकद यावी लागते. ७ दिवसांच्या चाचणीत साधारण दोन तृतीयांश, म्हणजे २०च्या आसपास अपेक्षित. आकडा आला १६. समीर म्हणतो, काम थांबवा. मुक्ता म्हणते, रात्री थंडी होती, थंडीत काँक्रीट उशिरा ताकद धरतं, २८ दिवसांच्या क्यूबची वाट पाहू आणि तोवर बाकीचं काम चालू ठेवू.

दोघांचंही बरोबर आहे. असा झगडा सापडला की अर्धी कादंबरी सापडली म्हणा. गैरसमजावर उभा केलेला झगडा पाच मिनिटांच्या बोलण्यात संपण्यासारखा असतो, म्हणून लेखकाला ती पाच मिनिटं टाळत राहावं लागतं: फोन लागत नाही, चिठ्ठी हरवते, ती अर्धवट ऐकून निघून जाते. कणखर बाई अर्धवट ऐकून निघून जात नाही. ती दार ढकलून विचारते. तेव्हा झगडा असा निवडा की तिने विचारल्यावर, त्याने खरं सांगितल्यावरही तो उरेल.

पायरी ३: ट्रोपची निसटती जागा शोधा

*शत्रुत्वातून प्रेम.* कणखर नायिकेला सर्वात जास्त मानवणारा आणि सर्वात जास्त बिघडवला जाणारा ट्रोप हाच. बिघडतो तो अपमानामुळे. शत्रुत्व म्हणजे मतभेद, स्पर्धा, हितसंबंध. त्याने तिला चारचौघांत हिणवलं, तिच्या शरीरावर शेरा मारला, तिची नोकरी घालवली, तर वाचक ते विसरत नाही, नायिका विसरली तरी. दोघांनी एकमेकांच्या कामावर हल्ला करावा, माणूसपणावर नाही.

निसटती जागा मत बदलण्याच्या क्षणी असते. ती आजारी पडते, तो रात्रभर जागतो आणि तिचा राग विरघळतो: इथे तिने काहीच केलेलं नाही. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) ही कादंबरी याच कारणासाठी शिकण्यासारखी आहे. ६१ प्रकरणांपैकी ३४व्या प्रकरणात नायक मागणी घालतो आणि नायिका एलिझाबेथ ती धुडकावते. दुसऱ्या दिवशी तो पत्र देतो. पुढे ती ते पत्र पुन्हा पुन्हा वाचते, जुन्या घटना आठवून पडताळते आणि आपण कुठे चुकलो हे स्वतःशी कबूल करते. मत तिने स्वतः तपासून बदललेलं आहे. कथेच्या मध्यावर नकार आणि त्यानंतर पुराव्याची फेरतपासणी, हा आराखडा उचलायला कुणाची परवानगी लागत नाही.

*खोटं नातं किंवा सोयीचं लग्न.* प्रस्ताव कुणाचा, यावर सगळं अवलंबून असतं. घरच्यांनी ढकललं, कर्जापायी अडकली, असं केलं की ती सापळ्यात आणि तो सापळ्याचा मालक. प्रस्ताव तिलाच मांडू द्या, किंवा त्याने मांडला तर अटी तिच्याकडून येऊ द्या. अटींचं दृश्य लिहाच, आणि ८०० ते १,००० शब्द त्याला द्या. तीन ते पाच अटी पुरे. प्रत्येक अट पुढे कुठेतरी मोडली पाहिजे आणि निदान दोन तरी तिने स्वतःहून मोडल्या पाहिजेत. वाचक अटी मोजत असतो. एखादी विसरलात तर तो विसरत नाही.

*एकाच छताखाली.* वादळ, बंद पडलेली गाडी, एकच खोली. परिस्थिती लादलेली असायला हरकत नाही, ट्रोपच तसा आहे. पण जवळीक लादलेली नको. मार्ग मोकळा झाल्यावर, म्हणजे वादळ थांबल्यावर, ती थांबते की निघते हे दृश्य दाखवा. हा ट्रोप त्या क्षणी खरा होतो, आणि नेमकं तेच पान बहुतेक हस्तलिखितांत नसतं.

*दुसरी संधी.* इथे तो परत येतो, पश्चात्ताप करतो, ती विरघळते. तिच्या वाट्याला वाट पाहण्याखेरीज काम उरत नाही. आपल्याकडचीच दमयंती आठवा. महाभारताच्या वनपर्वातल्या कथेत नळ तिला रानात सोडून जातो, रूप बदलून ऋतुपर्ण राजाकडे सारथी होतो. दमयंती रडत बसत नाही. ती शोध घ्यायला माणसं पाठवते, सुगावा लागल्यावर ऋतुपर्णाला निरोप धाडते की दमयंतीचं दुसरं स्वयंवर उद्याच आहे. शंभर योजनांचं अंतर एका दिवसात रथाने कापू शकणारा माणूस तिला एकच माहीत असतो. रथ वेळेत पोचतो तेव्हाच तिचा अर्धा संशय फिटतो, आणि तरीही ती आणखी परीक्षा घेऊन मगच खात्री करते. दुसऱ्या संधीचा ट्रोप घेतलात तर तिच्याकडे असं काहीतरी द्या: त्याच्याबद्दलचं फक्त तिलाच असलेलं ज्ञान, आणि ते वापरून आखलेली चाल.

*प्रेमत्रिकोण.* दोघांपैकी एकाला शेवटी खलनायक ठरवलं की तिने निवड केलीच नाही, लेखकाने केली. दोघेही चांगले ठेवा. बाकी या ट्रोपवर फार वेळ घालवू नका. मुख्य ध्येय ठसठशीत असलेल्या नायिकेला तो क्वचितच लागतो.

*मैत्रीतून प्रेम.* यात धोका निर्णयाचा नसतो, वेगाचा असतो. मैत्री बिघडली तर ती काय गमावेल हे पहिल्या पाव भागात दिसलं नाही, तर पुढची घालमेल पोकळ वाटते.

*सुटका.* यावर जरा थांबायला हवं, कारण कणखर नायिका इथेच सर्वात जास्त वेळा मोडते. चारशे पानं सगळं सांभाळणारी बाई शेवटच्या प्रसंगात अचानक गोठते आणि तो पुढे होतो. उपाय म्हणून काही जण नायकाला मदतच करू देत नाहीत. तेही चूक. मदत नसलेलं प्रेम कोरडं लागतं, आणि मुक्ताला तर मदत घ्यायला शिकायचंच आहे. प्रश्न मदतीच्या आकाराचा आहे.

आढावा बैठक आहे. वरिष्ठ मुक्तावर घसरले आहेत. कच्च्या खर्ड्यात हे दृश्य हमखास असं येतं:

समीर ताडकन उठला. “मुक्ता मॅडमनी काम चोख केलंय. काय विचारायचं ते मला विचारा.” खोलीत शांतता पसरली. मुक्ताचे डोळे भरून आले.

आता तेच दृश्य, निर्णय तिच्याकडे ठेवून. आदल्या संध्याकाळी समीरने रात्रीच्या तापमानाची नोंदवही तिच्या टेबलावर ठेवली आहे. त्या नोंदींनी त्याचाच अहवाल लंगडा पडणार, हे दोघांना माहीत आहे.

मुक्ताने वही उघडून मधोमध ठेवली. “ओतकाम झालं त्या आठवड्यात रात्रीचं तापमान किती होतं, हे या अहवालात कुठे आहे?”

समीरने पान उलटलं नाही. “नाहीये. घ्यायला हवं होतं. ती चूक माझी.”

“मग २८ दिवसांचे क्यूब फुटेपर्यंत निर्णय नको,” मुक्ता म्हणाली. “आणि ते कमी आले, तर खांब मीच तोडायला लावेन.”

दुसऱ्या दृश्यात समीरने पहिल्यापेक्षा जास्त दिलं आहे. त्याने स्वतःचं नुकसान सोसून तिला हत्यार पुरवलं आणि सर्वांसमोर चूक मान्य केली. वार मात्र तिने केला, आणि शेवटच्या वाक्यात किंमतही तिनेच स्वतःवर घेतली. मदतीचं सूत्र एवढंच: तो साधन देऊ शकतो, वेळ देऊ शकतो, स्वतःचं काही गमावू शकतो, निर्णायक कृती तिची. उलट दिशेनेही एकदा तरी हे घडू द्या, म्हणजे ती त्याला सोडवते आणि त्याला त्याची लाज वाटत नाही.

पायरी ४: दृश्यांची मांडणी

६०,००० शब्द, दर दृश्याला सरासरी १,५००, म्हणजे ४० दृश्यं. भेट चौथ्या दृश्याच्या आत. ट्रोपची गाठ, म्हणजे आता दोघांना एकमेकांपासून पळता येणार नाही अशी परिस्थिती, दहाव्याच्या आसपास. विसाव्याला नातं दिशा बदलतं. तिसाव्याला तुटतं, आणि ते तुटणं पायरी १ मधल्या तिसऱ्या वाक्यातून यायला हवं: मुक्ता मदत न मागता काहीतरी एकटीने ओढायला जाते आणि त्यात समीरचा विश्वास मोडतो. शेवटची चार-पाच दृश्यं जोडणीची.

या ४० पैकी निदान १० दृश्यांत प्रेमाचा विषय नको. तिचं काम, तिची माणसं, तिच्या मैत्रिणी. आणि त्या मैत्रिणी नायकाबद्दल बोलण्यापुरत्या नकोत. नायिका मोठी दिसावी म्हणून बाकी बायका मूर्ख किंवा मत्सरी रंगवल्या जातात, त्याने ती मोठी होत नाही, एकटी पडते.

तुटण्याच्या दृश्यानंतर घाई होते. तुटणं आणि जोडणी यांत किमान तीन दृश्यं ठेवा, ज्यांत दोघंही आपापल्या जागी काहीतरी बदलतात. त्याने फुलं घेऊन धावत येणं ही जोडणी नाही. चूक ज्या प्रकारची, दुरुस्तीही त्याच प्रकारची हवी. मुक्ताची चूक मदत न मागण्याची. तर जोडणीच्या दृश्यात तिने मोठ्याने, स्पष्ट शब्दांत काहीतरी मागितलं पाहिजे.

पायरी ५: मराठीतली दोन हत्यारं

पहिलं, तू आणि तुम्ही. कामाच्या ठिकाणी भेटलेली दोघं ‘तुम्ही’ने सुरू होतात. ‘तू’वर कधी आणि कुणामुळे येतात, हे चुंबनाच्या तोडीचं वळण आहे, आणि कित्येक लेखक ते दोन प्रकरणांच्या मध्ये नकळत सांडून टाकतात. ते दृश्यातच घडवा, आणि शक्यतो तिच्या तोंडून. बैठकीनंतर जिन्यात मुक्ता वही परत करते: “ही तुझी. सांभाळून ठेव.” समीर क्षणभर थबकतो आणि म्हणतो, “तुम्ही ठेवा. तुम्हाला लागेल.” तो अजून तयार नाही. चार दृश्यांनंतर त्याचं पहिलं ‘तू’ येतं तेव्हा वाचक हसतो, कुणी काही समजावून न सांगता. तुटल्यावर ‘तुम्ही’ परत आलं तर ते शंभर शब्दांच्या भांडणापेक्षा जास्त लागतं.

दुसरं, ‘तिला’ आणि ‘तिने’. मराठीत भावना आपल्याला होतात: तिला वाटलं, तिला भीती वाटली, तिला तो आवडायला लागला, तिला रडू आलं. वाक्यं बरोबरच आहेत, पण सलग आली की नायिका हवामानासारखी गोष्टी सोसत राहते. एका पानावरचे ‘तिला’ पेन्सिलने अधोरेखित करा. पाचपेक्षा जास्त सापडले तर निम्मी वाक्यं ‘तिने’ किंवा ‘ती’वर आणा. ‘तिला त्याचा राग आला’ ऐवजी ‘तिने अहवाल त्याच्याकडे परत सरकवला’. निर्णयाच्या वाक्यात तर ‘तिला’ अजिबात नको. ‘तिला थांबावंसं वाटलं’ हे इच्छेचं वाक्य झालं, ‘ती थांबली’ हे निर्णयाचं.

पायरी ६: होकार, नकार, मत्सर

तिने नकार दिला तर तो त्या दृश्यात संपला पाहिजे. नकारानंतर मागे लागणं, ऑफिसबाहेर उभं राहणं, तिच्या मैत्रिणीला गाठणं, हे चिकाटीचं प्रेम म्हणून फार वर्षं लिहिलं गेलं. नायिका कणखर असेल तर ती हे खपवून घेणार नाही, आणि तिने खपवून घेतलं तर तुम्ही उभी केलेली व्यक्तिरेखा खोटी पडते. कथा पुढे न्यायची असेल तर पुढचं पाऊल तिला टाकू द्या. त्याचा मत्सरही असाच तपासा. वाटणं माणसाचं आहे, त्यापायी तिच्यावर बंधन घालणं वेगळं.

जवळिकीच्या प्रसंगात विचारणं रुक्ष लागतं असं नव्यांना वाटतं. विचारण्याचा सूर त्या दोघांचा असला की लागत नाही. मुक्ता आणि समीर आधी नोंदी-अहवालांवरून भांडत आले आहेत, “हरकत?” “नोंदवून ठेव, नाही,” एवढ्यात होकारही येतो आणि त्यांचा स्वभावही.

पायरी ७: शेवट आणि पेन्सिलची तपासणी

शेवटी ती काय सोडते, याचा हिशेब मांडा. प्रेमासाठी पद सोडलं, शहर सोडलं, ध्येय सोडलं, तर पायरी १ चं पहिलं वाक्य फसवं ठरतं. तडजोड असू शकते, दोन्ही बाजूंनी. ‘जेन एअर’ (१८४७) या कादंबरीत नायिका नायकाकडे परतते ती वारशाने स्वतंत्र झाल्यावर. २०,००० पौंडांचा वारसा ती आधी आपल्या तीन आतेभावंडांबरोबर चौघांत समान वाटून घेते, आणि मग स्वतःच्या पायांवर उभी राहून जायचं ठरवते. परतण्याआधी नायिकेला परतण्याची गरज उरू नये, हा नियम आजही तितकाच कामाचा आहे.

खर्डा पूर्ण झाल्यावर दोन आठवडे बाजूला ठेवा. मग दृश्यांची यादी करा, आणि प्रत्येकासमोर एकच गोष्ट लिहा: इथे निर्णय कुणाचा? ‘ती’, ‘तो’, ‘दोघं’, ‘योगायोग’. ४० पैकी २० दृश्यांपुढे तरी ‘ती’ किंवा ‘दोघं’ यायला हवं. ‘योगायोग’ पाचपेक्षा जास्त नको, आणि ते शक्यतो सगळे पूर्वार्धात. तिसाव्या दृश्यानंतर एकही ‘योगायोग’ सापडला तर तिथेच पान थांबवून तो प्रसंग पुन्हा लिहा. त्यानंतर हस्तलिखित दोन वाचकांना द्या आणि ‘आवडलं का’ असं विचारू नका. विचारा, कुठल्या पानावर ती तुम्हाला ती वाटली नाही? दोघांनी एकच पान दाखवलं, तर दुरुस्तीला तिथूनच बसा.